लहानपणीचा एक फोटो, असल्यास

"आई, माझा लहानपणीचा एखादा फोटो पाठवशील का? एकटीचा. चेहरा नीट दिसेल असा."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी आईला हा मेसेज केला. इथे श्टुटगार्टला खिडकीबाहेर अजून धुकं होतं. साताऱ्यात जेवणं आवरून आई पेपर घेऊन आडवी होण्याची ती वेळ. लगेच उत्तर आलं, "कशाला गं?" मी लिहिलं, "ऑफिसात कार्यक्रम आहे. सगळ्यांचे लहानपणीचे फोटो भिंतीवर लावणार आणि कोण कुठलं ते ओळखायचं." हे वाक्य मी आदल्या रात्रीच जुळवून ठेवलं होतं. ते टाइप करताना बोटं जराही अडखळली नाहीत. आईशी मी कधी खोटं बोललेच नाही असं नाही, पण इतक्या सफाईने बोलल्याचं आठवत नाही. दहा मिनिटांत फोटो आला. अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची रेघ चमकत होती. कडा पिवळ्या पडलेल्या. मध्ये एक गुटगुटीत मूल, जावळानंतर नुकते वाढू लागलेले केस, गालावर तीट, मनगटांत काळे मणी, चुण्याचुण्यांचा फ्रॉक. ओठ रडण्याच्या बेतात. खाली आईची ओळ होती, "तू. दीड वर्षाची. पोवई नाक्याच्या स्टुडिओत. फार रडली होतीस."

तो फोटो मी तसाच एका मेलला जोडला आणि स्पेनमधल्या वालेन्सियाच्या एका क्लिनिकला पाठवून दिला.

त्यांनी पाठवलेल्या फॉर्मच्या शेवटी ती ओळ होती. आत्ताचे दोन फोटो, एक समोरून, एक बाजूने. आणि लहानपणीचा एक, असल्यास. त्याच्या आधी उंची, वजन, रक्तगट, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग, केस सरळ की कुरळे. आणि त्वचेचा रंग, फिकटपासून गडदपर्यंत ओळीने मांडलेल्या सहा चौकोनांतला एक निवडायचा. मी आधी चौथ्यावर खूण केली, मग पुसून पाचव्यावर केली, मग उठून दिव्याखाली हात धरून पाहिला. याआधी स्वतःचा रंग असा कागदावर मी एकदाच लिहिला होता, लग्न ठरवताना वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर. तेव्हा आईने सांगितलं होतं, "गव्हाळ लिही." तेव्हा तो शब्द नवरा मिळावा म्हणून लिहिला होता. आता पाचव्या चौकोनावरची खूण एका अनोळखी मुलीला शोधण्यासाठी होती. तिचं स्त्रीबीज माझ्या पोटात वाढावं आणि जन्माला येणारं मूल माझ्यासारखं दिसावं, म्हणून तिने माझ्यासारखं असायला हवं होतं.

हे सगळं स्पेनमध्ये का, हे इथल्या मैत्रिणींना सांगावं लागत नाही. आपल्याकडच्या मंडळींना मात्र आश्चर्य वाटतं. जर्मनीसारख्या देशात, जिथे सगळी यंत्रं आहेत, सगळे डॉक्टर आहेत, तिथे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज वापरायला कायद्याने बंदी आहे. भ्रूणांच्या संरक्षणाचा कायदा १ जानेवारी १९९१ ला लागू झाला, तेव्हापासून. शिक्षा होते ती डॉक्टरला. बीज देणारीला किंवा घेणारीला होत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात तेव्हा एक भीती होती आणि तिच्यासाठी त्यांनी जो शब्द वापरला त्याचा मराठीत अर्थ होतो 'दुभंगलेलं मातृत्व'. एक आई बीजाची, एक आई पोटाची. मूल कोणाचं, या प्रश्नाने ते मूलच चिरलं जाईल अशी काळजी. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅपटॉप बंद करून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच कणीक भिजवली. आणि याच देशाचा नागरी कायदा सांगतो की मुलाची आई म्हणजे ज्या बाईने त्याला जन्म दिला ती. म्हणजे मी पोटुशी होऊन इथे परत आले, इथल्या दवाखान्यात बाळंत झाले, तर कायद्याच्या लेखी दुभंगलेलं काहीच नाही, आई मीच. फक्त ते इथे घडवून आणायचं नाही. त्यासाठी सरहद्द ओलांडायची.

इथे आमचे टेस्ट ट्यूब बेबीचे तीन प्रयत्न झाले. सरकारी आरोग्य विमा लग्न झालेल्या जोडप्याला तीन प्रयत्नांचा निम्मा खर्च देतो, बाईला चाळीस पूर्ण व्हायच्या आत. तिसरा प्रयत्न माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सहा आठवडे आधी बसवला होता. पहिल्या वेळी सहा बीजं मिळाली, दुसऱ्या वेळी चार, तिसऱ्या वेळी दोन. दोन्ही फळली नाहीत. फोन आला तेव्हा मी ट्राममध्ये होते. शेजारी एक आजीबाई मांडीवर ट्यूलिपचा जुडगा घेऊन बसल्या होत्या, त्याचा ओला हिरवा वास मला अजून कधीही, कुठेही येतो. नंतरच्या भेटीत डॉक्टरीण बाई खूप आस्थेने बोलल्या. बीजांचा साठा संपत आलाय, आकडा हा असा, पुन्हा केलं तरी फार आशा देऊ शकत नाही. मी विचारलं, "डोनर?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्याबद्दल मी तुम्हाला काहीही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या आणि 'काहीही' या शब्दावर क्षणभर थांबल्या. त्या थांबण्यात त्यांचा कोरडेपणा नव्हता. मला उलट वाटलं, त्या मला त्या शब्दाच्या पलीकडे ढकलताहेत.

मग रात्री सुरू झाल्या. नवरा झोपला की मी नकाशा उघडायची.

इथून जाणाऱ्या बऱ्याच जणी प्रागला किंवा ब्रनोला जातात. जवळ आहे, बाजूचाच देश, चेक प्रजासत्ताक, आणि तिथे जर्मन बोलणारी माणसं भेटतात. पण तिथल्या दात्या मुली बहुतेक गोऱ्या, निळ्या-घाऱ्या डोळ्यांच्या. तिथल्या एका बाईंनी फोनवर मला अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्यासारखी आमच्याकडे मिळणार नाही." लंडनचा विचार मी सगळ्यात जास्त केला. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २००५ नंतर ज्यांनी बीज दिलं त्यांचं नाव गुप्त राहत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की ते जाऊन विचारू शकतं, मला जिच्यामुळे जन्म मिळाला ती कोण. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पण भारतीय रक्ताची दाती मिळायला तिथे थांबावं लागतं, आणि आमचे पासपोर्ट अजून निळे आहेत. जर्मनीच्या परवान्यावर स्पेनला सहज जाता येतं, इंग्लंडला प्रत्येक वेळी व्हिसा. पाळीच्या दुसऱ्या दिवशी फोन करून 'आता या' असं सांगणारा हा उपचार. त्यात व्हिसाच्या तारखेसाठी रांगेत कसं उभं राहायचं?

आणि पुणं. पुण्याचा विचार मनातून कधी गेलाच नाही. नवरा म्हणाला, "घरी जाऊ. डोनर आपल्यातली मिळेल, खर्च कमी, आई जवळ." सगळं खरं. आपल्याकडे २०२१ चा कायदा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू. दाती तेवीस ते पस्तीस वर्षांची हवी, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यायचं, एका वेळी सातच्या वर काढायची नाहीत, एका दातीची बीजं एकाच जोडप्याला, आणि तिच्या नावाने बारा महिन्यांचा विमा. वाचताना मला त्या अनोळखी मुलीसाठी बरं वाटलं. कोणीतरी तिचा विचार करून हे आकडे घातले आहेत. सात. माझ्या तीन प्रयत्नांची मिळून बारा झाली होती, म्हणून त्या साताकडे मी किती तरी वेळ बघत राहिले. पण पुण्याला जायचं म्हणजे एकट्याने जाता येत नाही. सासरी उतरायचं म्हणजे कशाला आलात, रजा कशी मिळाली, सकाळी सकाळी कुठे निघालात. चुलत सासूबाई कोथरूडला, नणंद बाणेरला. मी हॉटेलात राहिले असं कोणाला कळलं तर पुढची दहा वर्षं तो विषय. आपल्या माणसांत लपून राहायची जागा नसते, हे मला इतक्या वर्षांत कधी खुपलं नव्हतं. दूर राहून तर मी त्याच गोष्टीसाठी झुरत आले. यावेळी मात्र मला असं शहर हवं होतं जिथे कोणी माझं नाव घेऊन हाक मारणार नाही.

वालेन्सिया तसं होतं. क्लिनिकची को-ऑर्डिनेटर म्हणाली की त्यांच्याकडे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, सावळ्या, काळ्या केसांच्या मुली येतात. थोडं थांबावं लागेल, पण जुळणारी मिळेल. स्पेनमध्ये दाती आपण निवडायची नसते, क्लिनिकच निवडतं, घेणारीशी दिसण्यात जुळेल अशी. कायदा २००६ चा. दाती अठरा ते पस्तीस वर्षांची. तिचं नाव कधीच कळत नाही. मुलालाही नाही, अठराव्या वर्षी नाही, चाळिसाव्याही नाही. मुलाच्या जिवावर किंवा आरोग्यावर बेतलं तर काही अपवाद.

हे 'कधीच नाही' माझ्या छातीत बसलं. कारण जर्मनीत, जिथे स्त्रीबीजाला बंदी आहे, तिथे पुरुषाच्या बीजदानाला परवानगी आहे, आणि जुलै २०१८ पासून त्याची सरकारी नोंदवही आहे. दात्याची माहिती त्या वहीत ११० वर्षं ठेवतात. एकशे दहा. म्हणजे एखाद्या माणसाला आपल्या सत्तरीत जरी विचारावंसं वाटलं, की मी कोणाचा, तरी उत्तर कपाटात असेल. तो आकडा वाचल्यावर मी नवऱ्याला उठवलं होतं. अर्धवट झोपेत तो म्हणाला, "आपण त्याला सांगू ना. सगळं सांगू." मी म्हटलं, "काय सांगणार? आपल्याला तरी काय माहीत असणार?" तो उठून बसला. मग आम्ही दोघं अंधारात बराच वेळ गप्प बसून होतो. शेजारच्या घरातून कोणीतरी खोकल्याचा आवाज येत होता.

मुलाला सांगायचं हे आमचं पहिल्यापासून ठरलं होतं. नंतर कुठून तरी कळणं किती वाईट असतं हे आता सगळे सांगतात. लाळेच्या नमुन्यावरून नातेवाईक शोधून देणाऱ्या चाचण्या घरबसल्या मिळतात, गुपित टिकायचे दिवस तसेही गेले. पण मुलाला सांगायचं म्हणजे ते शाळेत सांगेल, आजीला सांगेल. आजीला आधी माहीत हवं. आणि मी तर त्या आजीला ऑफिसातल्या कार्यक्रमाची गोष्ट सांगून फोटो मिळवला होता. जे मूल अजून जगात नाही त्याला खरं सांगायचं आणि जिने मला जग दाखवलं तिला खोटं, हे माझ्या मनात दिवसभर कुठे ना कुठे टोचत राहिलं. ऑफिसात खरंच कोणी सहज विचारलं, वीकेंडला काय केलं, तरी मी दचकायची.

आपल्याकडे बाळ बघायला आलेली पहिली बाई चपला काढायच्या आधी म्हणते, "कोणावर गेलंय?" मग नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, पायाची बोटं तर अगदी बापाची. मला हा खेळ फार आवडायचा. मीही प्रत्येक बारशाला हेच केलंय. आता कोणाच्या व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवलं आणि पलीकडून असं कोणी म्हणालं, की मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघते. माझं नाक आजीचं आहे असं सगळे म्हणतात. ते माझ्यापाशी संपणार. हे दुःख मी कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण बोलताना ते फार क्षुद्र वाटतं. नाकासाठी कोण रडतं? पण मी रडलेय. बाथरूममध्ये नळ सोडून.

त्याच दिवसांत कधी तरी मला मावशीची आठवण येऊ लागली. मी चार महिन्यांची असताना आईला टायफॉइड झाला होता. तीन आठवडे ती दवाखान्यात. मावशी तेव्हा कराडहून मुद्दाम साताऱ्याला येऊन राहिली. तिची मुलगी माझ्याहून दोन महिन्यांनी लहान, म्हणजे तेव्हा दोन महिन्यांची. मावशीने आम्हा दोघींना पाजलं. एका मांडीवर ती, एका मांडीवर मी. मोठेपणी मावशीच्या घरी गेलं की ती जेवताना जास्तीचं तूप वाढत म्हणायची, "माझं दूध प्यायलीयेस, एवढंसं खाऊन कसं चालेल?" आणि आजी मागून म्हणायची, "माय मरो, मावशी जगो." लहानपणी मला ही म्हण आवडत नसे, आई मरो असं कोण म्हणतं म्हणून. दूध म्हणजे बीज नव्हे, हे मला कळतं. दुधाने नाक बदलत नाही, रक्तगट बदलत नाही. पण माझी हाडं ज्या तीन आठवड्यांत वाढली ती दुसऱ्या बाईच्या अंगातून आलेल्या गोष्टीवर वाढली, आणि त्याबद्दल आमच्या घरात कधीच कोणाला लाज वाटली नाही. उलट तो लाडाचा विषय होता. त्या गोष्टीला नाव होतं, मांडी होती, तूप होतं. वालेन्सियातल्या मुलीला यातलं काहीच नाही.

ती मुलगी कशी असेल याचा विचार मी नको तितका करते. बोगोताहून आलेली असेल, किंवा क्विटोहून. कॉलेजात शिकत असेल, किंवा एखाद्या कॅफेत कप धूत असेल. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन टोचून घेईल. मी घेतली आहेत, मला माहीत आहे; आधी बर्फ फिरवायचा, चिमटीत कातडी धरायची, सुई काढताना श्वास सोडायचा. पोट फुगतं, जीन्सचं बटण लागत नाही, चालताना आत काहीतरी जड हिंदकळतं. क्वचित त्याचा मोठा त्रासही होतो. मी ते माझ्यासाठी सोसलं. ती पैशांसाठी सोसेल. कायद्यात त्याला त्रासाची भरपाई म्हणतात. मला तो शब्द पटतो आणि पटत नाही. तिला गरज नसती तर ती आली असती का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर माहीत असूनही फॉर्म भरते. हे मी इथे लिहून ठेवतेय कारण ते सोडून बाकीचं लिहिलं तर ते अर्धं होईल.

बाकी तयारी म्हणाल तर ती कोणत्याही प्रवासासारखीच, फक्त कॅलेंडर उलटं. सुट्टी ठरवून तिकीट काढायचं नाही. आधी पाळी, मग सुट्टी. जानेवारीत दोघांनी एकदा जाऊन आलो. सह्या, रक्ततपासण्या, कावीळ बी, एचआयव्ही, नवऱ्याचा नमुना गोठवायला ठेवला. लग्नाच्या दाखल्याची प्रत नेली होती, पुणे महापालिकेचा शिक्का असलेली. तिथल्या बाईने त्यावरची मराठी अक्षरं बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाली, किती सुंदर. मला एकदम रडू आलं, का ते कळलं नाही. नंतर आम्ही तुरिया नदीच्या पात्रात फिरलो. पात्र म्हणजे आता बाग. १९५७ साली मोठा पूर आला, मग नदीचं पाणीच शहराबाहेरून वळवलं आणि कोरड्या पात्रात झाडं लावली. संत्र्यांची झाडं फळांनी लगडलेली, खाली पडलेली कोणी उचलत नव्हतं. जुन्या पुलांच्या कमानी तशाच उभ्या होत्या आणि खालून मुलं सायकली चालवत होती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्लिनिकचा मेल आला, जुळणारी दाती मिळाली. वय सव्वीस. रक्तगट माझाच, ओ पॉझिटिव्ह. बीजं मिळाली की तिथेच फलन करून भ्रूण गोठवून ठेवणार. मग माझी पाळी, दुसऱ्या दिवसापासून गोळ्या, बाराव्या-तेराव्या दिवशी सोनोग्राफी, गर्भाशयाचं अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं की दुसरं औषध, त्यानंतर पाच दिवसांनी ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं. मी बोटांवर मोजलं तर मार्चच्या सतरा-अठरा तारखेला येत होतं. को-ऑर्डिनेटरने लिहिलं, तेव्हा येऊ नका, फायास आहे. मला ते माहीत नव्हतं. १५ ते १९ मार्च शहरभर चौकाचौकांत दोन-दोन मजली पुतळे उभे करतात, वर्षभर खपून बनवलेले, आणि १९ तारखेच्या रात्री सगळे पेटवून देतात. १ मार्चपासून रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांची अशी माळ लावतात की जमीन हादरते. रस्ते बंद, हॉटेलं भरलेली. वाचताना मला साताऱ्यातली होळी आठवली. आमच्या गल्लीत शेणी रचलेल्या, ऊस, नारळ, पुरणपोळीचा घास विस्तवात टाकायचा, आणि आई मला कडेवर घेऊन लांब उभी राहायची, ठिणगी उडेल म्हणून. चांगली पाच-सहा वर्षांची होईपर्यंत कडेवर. आम्ही एक महिना पुढे गेलो. एप्रिल. बॅगेत औषधं, विमानतळासाठी डॉक्टरांचं पत्र, परतीचं तिकीट बदलता येईल असं.

आणि आईला सांगायचं.

रविवारी फोन लावला. ती मेथी निवडत होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला तिची हनुवटी आणि हात एवढंच दिसत होतं. मी सगळं सांगितलं. तीन प्रयत्न तिला माहीत होते, पुढचं नव्हतं. दुसऱ्या मुलीचं बीज, माझं पोट, स्पेन, एप्रिल. ऑफिसातला कार्यक्रम खोटा होता हेही सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. काड्या एका बाजूला, पानं परातीत. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल दत्तक का नाही घेत, किंवा बाबांना सांगू नकोस म्हणेल. दत्तकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, रजिस्ट्रेशन, वर्षं, देशांमधले कागद. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तू दोन वर्षांची होतीस तेव्हा मुंबईच्या केईएममध्ये ती टेस्ट ट्यूबची पोर झाली. पेपरात फोटो होता. तुझी आजी म्हणाली होती, बरं झालं गं, किती बायका नवस बोलून बोलून गेल्या." ऑगस्ट १९८६ ची गोष्ट. आजीला नीट वाचता येत नव्हतं, आईनेच वाचून दाखवलं असणार.

मग तिने मान वर केली आणि पहिल्यांदा तिचा सगळा चेहरा स्क्रीनमध्ये आला. "आणि त्या मुलीला? तिला काही त्रास नाही ना व्हायचा?"

मी सांगितलं, बेशुद्ध करून काढतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं, बहुतेक वेळा.

"तिला भेटता येत नाही?"

"नाही."

"नावसुद्धा नाही?"

"नाही आई. कधीच नाही."

ती परातीतली मेथी हाताने सारखी करत राहिली. "मग तिची ओटी कशी भरायची?" ती म्हणाली.

मला उत्तर देता आलं नाही. तीही पुढे काही बोलली नाही. कुठेतरी मागे बाबांचा टीव्ही चालू होता, रविवारच्या कुस्तीचा. थोड्या वेळाने तिने विचारलं, तिथे एप्रिलमध्ये थंडी असते का, आणि ट्रान्सफर झाल्यावर किती दिवस जड उचलायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात नेहमीसारखं राहा. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणू देत." फोन ठेवला.

रात्री पुन्हा तिचाच फोन. नऊ वाजले होते, म्हणजे तिकडे दीड वाजून गेलेला. माझ्या छातीत धस्स झालं. पण तिच्या आवाजात घाबरण्यासारखं काही नव्हतं, नुसती घाई होती. झोप येईना म्हणून तिने अल्बम काढला होता. "अगं, तो फोटो पाठवला ना मी तुला, तो तुझा नाहीये." तिने तो फोटो चारही कोपऱ्यांतून सोडवून मागे बघितलं, तर निळ्या शाईत मावसबहिणीचं नाव आणि तारीख. दोघींचे फ्रॉक आजीने एकाच ठाणातल्या कापडाचे शिवले होते, चुण्याही तशाच. एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत, एकाच स्टुलावर बसवून फोटो काढले होते. "रडली तीच," आई म्हणाली. "तू नव्हतीस रडली. माझंच चुकलं. मी तुला ओळखलं नाही." शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, आणि दुसऱ्या वेळी तिचा आवाज हलला.

पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला. तोच फ्रॉक, तेच स्टूल, मागचा तोच रंगवलेला पडदा, त्यावर कमळं. मनगटांत काळे मणी. मूल कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कोणाकडे तरी बघत होतं, हात त्या दिशेला अर्धा उचललेला. खाली आईने लिहिलं होतं, "ही तू. मागचं नाव बघून पाठवतेय."

मी दोन्ही फोटो मोठे करून शेजारी शेजारी ठेवले. नवऱ्याला बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मला सांगता नसतं आलं." मग मी क्लिनिकला मेल लिहायला घेतला, की आधी पाठवलेला फोटो चुकीचा होता, तो काढून टाका. ते वाक्य खोडलं. लिहिलं, यातली एक मी आहे आणि एक माझी बहीण.

आणि दोन्ही जोडले.